पेटीतले पाच पॅटर्न

१

तीनशे सात पॅटर्न गायब झालेत हे उघड झालं, तेव्हा मी बढाया मारत होतो.

मंगळवारची सकाळ होती. शिवणकामाच्या त्या वर्कशॉपमधला एकुलता एक कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या टकटक आवाज करून कायमचा बंद पडला होता. आतली डिस्क गेली होती. मालकीणबाईंनी मला फोन केला आणि मी अर्ध्या तासात हजर झालो. सगळ्यांचे चेहरे पडलेले बघून मला, खरं सांगतो, बरंच वाटलं. माझ्या धंद्यात भाव खाण्याचे प्रसंग फार येत नाहीत. मी लोकांच्या ऑफिसांत नेटवर्कच्या वायरी ओढतो, बॅकअपच्या पेट्या बसवतो, आणि पुढे वर्षभर कुणाला माझी आठवण येत नाही.

"काही घाबरू नका," मी म्हणालो. "पाच आठवड्यांपूर्वी मी ही पेटी बसवली ती कशासाठी?"

पेटी म्हणजे पावाच्या लादीएवढा काळा डबा, आत दोन डिस्क. कॉम्प्युटर बंद पडो, पाण्यात बुडो, ही पेटी वेगळी, आपली आपण चालणारी. रोज दुपारी दोन वाजता, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, कॉम्प्युटर आपली प्रत वायरीवरून तिच्यात पाठवायचा. वेळ मीच निवडली होती. संध्याकाळी शेवटी निघणारा माणूस इस्त्र्यांच्या भीतीनं मेन स्विचच बंद करतो, हे मला ठाऊक होतं. इतका बारीक विचार करणारा माणूस मी.

मी माझा लॅपटॉप पेटीला जोडला. माझ्या मागे मालकीणबाई उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी त्यांचे धाकटे दीर, ज्यांना सगळे भाऊजी म्हणतात. काजे-बटणाच्या टेबलावरून काकूंनी मान वर केली. आणि माझ्या खांद्याला अगदी खेटून कटिंग मास्तर. वय एकाहत्तर, गळ्यात टेप.

"दोन डिस्क का घातल्या माहितीये?" मी म्हणालो. "एक गेली तरी दुसरी आहेच. याला म्हणतात..."

बॅकअपचं फोल्डर उघडलं. आत एकच फोल्डर होतं, कालच्या सोमवारच्या तारखेचं. त्याच्या आत पाच पॅटर्न.

"याला काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

२

ते पॅटर्न म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं.

रेडीमेड कपडे ज्यांना बसत नाहीत अशा लोकांचे कपडे या वर्कशॉपमध्ये शिवतात. एक खांदा खाली असलेले, पाठीला कुबड असलेले, एक हात आखूड असलेले. अशा माणसाला साधा कोट घातला की तो दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसतो. मास्तरांनी कापलेला कोट घातला की रस्त्यावरचं कुणी वळून बघत नाही, आणि त्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. मास्तरांनी चाळीस वर्षांत अशा तीनशे बारा माणसांचे पॅटर्न काढले. कागदावर. आणि गेली दोन वर्षं बसून एकेक पॅटर्न स्वतः कॉम्प्युटरवर उतरवला, कारण त्यांचा उजवा हात आता थरथरतो. कॉम्प्युटरवर रेष सरळ येते. कागदावर येत नाही.

"पुन्हा मापं घेता येतील," भाऊजी म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता.

"मापं काय कुणीही घेईल," मास्तर म्हणाले. "कुबडाखाली कापड किती सोडायचं ते मापात येत नाही. तीन-तीन, चार-चार ट्रायल घेऊन ते बसवलंय मी. आता परत कोण काढणार? ह्या हातानं?"

त्यांनी हात पुढे केला, आणि लगेच खिशात घातला.

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "तुमच्याकडे. मास्तरांकडे. आणि भाऊजींकडे."

"भाऊजींकडे कशाला?"

भाऊजींनी छताकडे बघितलं.

३

मी भाऊजींना कापडाच्या तागांमागे घेतलं. माझी इभ्रत पणाला लागली होती. गुन्हेगार सापडला नाही तर तो मीच ठरणार होतो.

"खरं सांगा. पेटीत काय ठेवलंय?"

"गाणी," भाऊजी पुटपुटले. "थोडीच."

थोडीच म्हणजे चार हजार सहाशे होती. दर रविवारी वर्कशॉप बंद असताना भाऊजी यायचे, मेन स्विच चालू करायचे, कॉम्प्युटर लावायचे आणि मोबाईलमधली गाणी पेटीत भरत दुपारभर बसायचे. वहिनींना सांगायचे की मशीनला तेल घालतोय.

"गाण्यांना जागा कमी पडली म्हणून पॅटर्न उडवलेत!" मी गरजलो.

"अहो, जागा कुठे कमी पडतेय? तिथे लिहिलंय ना."

मी पाहिलं. पेटी नऊ टक्के भरली होती. माझा पहिला आरोपी असा निसटला, आणि वर मला म्हणाला, "हवी असतील तर तुम्हीही घ्या, जुनी छान आहेत."

मग मालकीणबाई. त्यांनी मला विचारण्याची संधीच दिली नाही.

"मी दुसऱ्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे होते, गुरुवार ते पुढचा बुधवार. आणि इथे असते तेव्हाही मी त्या पेटीच्या वाटेला जात नाही. निळे दिवे लुकलुकतात, मला ते आवडत नाही. झालं?"

झालं.

उरले मास्तर. पण ज्यांचं सगळं गेलंय त्यांना काय विचारणार? मी आपलं उगाच म्हणालो, "मास्तर, पेटीत काही वेगळं दिसलं होतं का कधी?"

"छे. मी रोज अडीचला बघायचो ना. हिरवी टिकमार्क यायची, बॅकअप झाला म्हणून. पेटी उघडायची, आजची तारीख बघायची. एकच फोल्डर, नवंकोरं. बघून जिवाला बरं वाटायचं." ते थांबले. "कुणीतरी त्याच्या आतून काढून नेले हो. वरची पिशवी तशीच ठेवली आणि आतला माल नेला."

"कागदाचे मूळ पॅटर्न तरी असतील?"

बटण लावता लावता काकूंनी तोंडातला दोरा तोडला.

"त्याला ती खडूची गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी कटिंग टेबलावरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे पुठ्ठ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नवा पॅटर्न झाला की जुना त्याच दिवशी फाडावा.

"तेवीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "बँडमास्तर होते एक. आजारपणातून उठले, पार निम्मे झाले होते. मी नवा पॅटर्न काढला. पण जुना खुंटीवरच राहिला, आणि घाईत त्याच्यावरच खडू फिरवला. कोट घालून ते वाजवायला उभे राहिले. हात वर केला की कोट वर जायचा आणि बँडमास्तर आत राहायचे. बँडवाले वाजवायचं सोडून हसत होते. ते माझ्याकडे परत आले नाहीत. तेव्हापासून जुनं ठेवायचं नाही. कॉम्प्युटरवर एकेक उतरला तसा एकेक कागद फाडला मी. स्वतः."

काकूंनी सुई बटणांच्या डब्यावरच्या लाल उशीत टोचून ठेवली. मला वाटलं चहाची वेळ झाली असेल. पण त्या उठून माझ्याकडे आल्या.

"अरे पेटीवाल्या," त्या हळूच म्हणाल्या, "तू मागे एकदा इथे फोटो काढत होतास. कसला रे तो?"

४

मी लाजलो. तो फोटो माझ्या स्टेटसचा होता. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी भाऊजींनी मला गुपचूप बोलावलं होतं, गाणी उलटसुलट लागतात म्हणून. ते काम पाच मिनिटांत उरकून मी बॅकअपचं पान उघडलं, हिरव्या टिकमार्कशेजारी स्वतःचा हसरा चेहरा धरला आणि फोटो टाकला. खाली लिहिलं: 'निश्चिंत राहा, आम्ही आहोत.' त्रेचाळीस लोकांनी अंगठा दाखवला होता.

आम्ही इस्त्रीच्या टेबलामागे गेलो. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझा चेहरा त्यांनी बोटांनी बाजूला सरकवला आणि मागचा कॉम्प्युटरचा पडदा मोठा केला.

"किती फोल्डर दिसतात?"

"दोन," मी म्हणालो. "शनिवारचं आणि रविवारचं." मी पुन्हा मोजली. "काकू, पंधराच्या आसपास हवी होती. रोज एक."

"तू तेव्हा पाहिलं नाहीस?"

"मी... प्रकाश चेहऱ्यावर येतोय का ते बघत होतो."

काकूंनी यावर काही बोलणं टाळलं, त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

"आता मला बटणं समजतात, पेटी नाही," त्या म्हणाल्या. "तू सांग. रोज सगळेच्या सगळे पॅटर्न जातात का पेटीत?"

"नाही. पहिल्या दिवशी सगळे. पुढे रोज फक्त त्या दिवशी जे नवे झाले किंवा बदलले तेवढेच. नाहीतर उगाच वेळ जातो. मोडलेला कॉम्प्युटर परत उभा करताना पहिली प्रत घ्यायची आणि तिच्यावर एकेक दिवसाचे बदल चढवत जायचे."

"म्हणजे कालच्या फोल्डरमधून काही चोरीला गेलंच नाही. त्यात पाचच होते."

बरोबर होतं. काल मास्तरांनी पाच पॅटर्नमध्ये फेरफार केले होते. पिशवीतला माल कुणी नेला नव्हता. मागच्या पिशव्याच नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यातली सर्वांत पहिली, सर्वांत जड.

"आता बघ," काकू म्हणाल्या. "सोमवारी सकाळी शनिवारचं आणि रविवारचं होतं. शुक्रवारचं नव्हतं. म्हणजे ते शनिवारी कुणीतरी काढलं. शनिवारी बाई बहिणीकडे. त्या सुटल्या. रविवारी फक्त भाऊजी इथे. ते काढत असते तर रविवारचं नवं आल्यावर शनिवारचं राहिलं नसतं. तेही सुटले."

"पेटीनंच आपोआप काढले असतील! तशी सोय असते, जुनं आपोआप पुसायची." मला पेटीवर आळ घालायला फार आवडलं असतं.

"पेटी रविवारी सुट्टी घेते का?"

यंत्राला रविवार कळत नाही. जो कोणी जुनी फोल्डरं काढत होता तो सोमवार ते शनिवार कामावर येत होता, जेवणाच्या सुट्टीनंतर पेटी उघडत होता, आणि नवं आलं की मागचं नेमानं काढून टाकत होता. चोराला असा नेम नसतो. चोर सगळंच नेतो. हा माणूस काळजीनं, दररोज, सर्वांत नवं तेवढं जपून ठेवत होता.

"उरलो मी आणि..." काकू थांबल्या. "मी माऊसला हात लावला की तो टेबलावरून पळतो, सगळ्यांना माहीत आहे."

आम्ही दोघांनीही भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. त्याच्याखाली मास्तर स्टुलावर बसले होते. मालकीणबाईंनी दिलेला चहा त्यांच्या हातात निवत होता.

५

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. खरं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. गुन्हेगार मी नव्हतो.

काकूंनी माझा कोपर असा धरला की वायर ओढतानाही कधी दुखला नव्हता इतका दुखला.

"काय सांगशील? की चाळीस वर्षांचं काम तुम्हीच रोज जेवण झाल्यावर फाडलंत? आधी मला सांग, तुझ्या त्या पेटीत कचऱ्याचा डबा आहे का?"

"आहे. काढलेलं सगळं आधी तिथे जातं."

"मग बघ ना त्यात!"

"उपयोग नाही, काकू. पंधरा दिवसांनी तो आपोआप रिकामा होतो. मीच तसं लावतो, प्रत्येक पेटीत, न चुकता. पहिली प्रत दुसऱ्याच दिवशी काढली गेली असणार. तिला चौतीस-पस्तीस दिवस झाले." मी मनात हिशेब केला. "शेवटच्या पंधरा दिवसांचे बदल मिळतील. फार तर साठ पॅटर्न."

"न चुकता?"

"न चुकता. माझ्या यादीत चौथ्या पानावर ते कलम आहे."

"इथे लावलंस तेव्हा चौथ्या पानाला टिक केलीस?"

मी बॅग उघडून त्या दिवशीची यादी काढली, त्यांची खात्री पटवायला. पहिलं पान टिक. दुसरं टिक. तिसरं टिक. चौथ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता आणि बाकी काही नव्हतं. मला आठवलं. त्या दिवशी मी वेगवेगळ्या कोनांतून पेटीचे फोटो काढत होतो, आणि ते झाल्यावर पाचव्या पानावरून पुढे गेलो होतो.

आयुष्यात स्वतःचा हलगर्जीपणा बघून मी पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. लॅपटॉपकडे धावताना इस्त्रीच्या वायरीत पाय अडकून पडलोही. कचऱ्याचा डबा उघडला. एक, दोन, पाच, बारा... पस्तीस फोल्डर, एकही न हलता, तारीखवार. सर्वांत खाली पहिल्या सोमवारचं, भलंमोठं.

"काकू," मी म्हणालो, आणि बाहीनं डोळे पुसले.

"रडतोस काय? चढव आधी."

६

मालकीणबाईंच्या घरचा कॉम्प्युटर आणून जोडला. पहिली प्रत घेतली, तिच्यावर एकेक दिवस चढवत गेलो. दुपारचे साडेतीन वाजले. पडद्यावर आकडा आला: तीनशे बारा.

मास्तरांनी एकेक पॅटर्न उघडून बघितला. प्रत्येकावर ते माणसाचं काहीतरी पुटपुटत होते. "हा डावा खांदा. हा आखूड हात. हिला पाठीत दोन प्लेटा." विसाव्यानंतर त्यांनी चष्मा काढून पुसला. भाऊजींनी नाक शिंकरलं आणि म्हणाले धूळ फार आहे.

"पण गेले कसे होते?" मालकीणबाईंनी विचारलं. "कोणी केलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की म्हाताऱ्या माणसासाठी आज एक खोटं बोलायचं. छान, उदात्त खोटं. मी छाती भरून घेतली.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "बॅकअपच्या फोल्डरमध्ये फक्त बॅकअपनं लिहायचं असतं. माणसांनी ते बघावं, पण त्यातलं काही काढता येऊ नये, असं कुलूप घालायचं असतं. मी ते घातलं नाही. मास्तर म्हणाले, माझ्याच पेटीत मला मज्जाव का, आणि मी वाद नको म्हणून सगळे अधिकार देऊन टाकले. रोज काय जातं आणि जुनं का लागतं, ते कुणाला समजावून सांगितलं नाही. फोटो काढले, आणि..."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की यात खोटं असं काहीच नव्हतं. माझे कान गरम झाले. काकू खाली बघून बटण लावत होत्या, पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

मास्तरांनी माऊस बाजूला सारला.

"मी फाडत होतो," ते म्हणाले. "रोज अडीचला. मला वाटायचं नव्यात सगळं आलंय."

"मास्तर, ते माझं..."

"तुझं असेल. माझंही आहे." ते पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत होते. "सकाळपासून मी मनात ह्या भाऊजींना शिव्या देतोय."

"मला?" भाऊजी दचकले.

"फार वाईट शिव्या दिल्या. माफ करा."

"असू दे हो," भाऊजी म्हणाले. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पण भाऊजी, तुमच्याकडे पासवर्ड कशाला ते राहिलंच." भाऊजी मशीनला तेल घालायला निघून गेले.

मास्तरांनी स्टूल माझ्याशेजारी ओढलं. "ते कुलूप आत्ता घाल."

मी पान उघडलं. मास्तरांचं नाव शोधलं, आणि त्याच्यासमोरचे अधिकार. 'फक्त पाहणे' यावर बाण नेला आणि थांबलो. चाळीस वर्षं ज्यांनी कापलं, त्यांना त्यांच्याच कामावर हात ठेवायला बंदी करायची, ते माझ्याच्यानं होईना. मी उगाच वायर सारखी केली.

"सरक," मास्तर म्हणाले.

खिशातला उजवा हात काढून त्यांनी माऊसवर ठेवला आणि स्वतःच 'फक्त पाहणे' निवडलं. पेटीनं विचारलं, खात्री आहे का. हात थरथरत होता म्हणून बाण एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. काकू उठून मागे येऊन उभ्या राहिल्या, पण मदतीला त्यांनी हात पुढे केला नाही. तिसऱ्या वेळी मास्तरांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि 'होय' दाबलं.